राख लागलेली मेंढरं

ठमाबाईचं घर कुठे, असं कुणी विचारलं असतं तर गावात कुणालाच धड सांगता आलं नसतं. पावसाळ्याचे चार महिने ती आमच्या शिवारात असायची, उरलेलं वर्ष वाटेवर. दिवाळी आटोपली की तट्टावर भांडीकुंडी, घोंगड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं लादायची, मेंढरं पुढे घालायची आणि घाट उतरून कोकणात जायचं. वळवाचे ढग दिसू लागले की परत फिरायचं. लग्न झाल्यापासून तिनं हेच केलं. तिचा मुलगा सिद्धू जन्मला तो पेणच्या अलीकडे एका बांधावर. नवरा रावजी वारला तोही असाच वाटेवर, तापानं. त्याला माती देऊन त्याच संध्याकाळी मेंढरं पाण्यावर न्यावी लागली, हे तिनं मला एकदा सांगितलं, आणि त्यात आपण काही वेगळं सांगतो आहोत असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

"मानूस गेला तरी मेंढराला तहान लागतीच की, बाई."

निमगाव केतकीहून बारामतीकडे निघालं की कालव्याच्या एका फाट्यावर आमचं गाव लागतं. नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथेच आहेत आणि आम्हीही. हे गुरांचे डॉक्टर. मी पुण्याची बी.ए., आणि त्या बी.ए.चा इथे उपयोग म्हणजे बायकांना पत्रं वाचून दाखवणं आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव सांगणं. ठमाबाईची आणि माझी ओळख दुधामुळे झाली. तिच्या कळपात चार-दोन शेळ्या असत. माझी मुलगी रतन तेव्हा अंगावरचं तोडलेली, म्हशीचं दूध तिला पचत नव्हतं. ठमाबाई गावात असली की सकाळी शेळीचं दूध घेऊन यायची, दारातच बसायची, आणि रतनच्या पोटावर दोन बोटं वाजवून बघायची. "ढोल झालाय. आज निम्मंच पाजा," म्हणायची. तिचं म्हणणं बहुधा खरं ठरायचं आणि मला त्याचा राग यायचा.

कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला, फळं आणि पानमळे करणारे आमच्या गावचे माळी बागाईतदार तिच्या वाटेकडे डोळे लावून असत. मोकळ्या रानात दोरीच्या जाळ्या लावून रात्री त्यात मेंढरं बसवायची, ही इकडची जुनी रीत. त्यांच्या लेंड्या आणि मूत रानात मुरतं. दुसऱ्या दिवशी जाळी पुढे सरकवायची. असं सगळं रान भिजलं की पुढली दोन वर्षं त्याला दुसरं खत लागत नाही. त्याबद्दल धनगराला धान्य मिळतं, आणि बांधावरचा पाला मेंढरांना. या धान्यावर ठमाबाईचा पावसाळा निघायचा, आणि बागाईताच्या पाल्यावर पाऊस पडेपर्यंत तिचा कळप तगायचा. दुसरा आधार तिला नव्हता. आबाजी म्हणून मोठा पानमळेवाला आहे. तो तर दरवर्षी शिवेवर नारळ घेऊन सामोरा जायचा, पुढल्या मेंढ्याच्या कपाळाला कुंकू लावायचा आणि कळप स्वतः आपल्या रानात आणायचा. दुसऱ्या कुणी आधी नेऊ नये, हाही त्यातला हेतू असेच.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात पेपरात पाकिस्तानच्या बातम्या फार येत होत्या. अमेरिकेनं त्यांना तोफा दिल्या, विमानं दिली, आता अणुभट्टीही देणार. आणि भट्टी आली की बाँब यायला किती वेळ लागतो, असं कुणीतरी लिहिलं होतं. ते वाचून मला एक जुनी गोष्ट आठवली. फाळणीनंतर कॉलेजातल्या आम्ही मुली निर्वासितांच्या छावणीत कपडे वाटायला जात असू. तिथे एक बाई दिवसभर एकच झबलं धुवायची आणि वाळत घालायची. झबल्याचं मूल नव्हतं. आता माझ्या घरात दोरीवर झबली वाळत होती. त्यातच एका मासिकात वाचलं, की बाँबची राख गवतावर पडते, गवतातून दुधात उतरते आणि दुधातून लहान मुलांच्या हाडांत जाऊन बसते. मी यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, "तसं होतं खरं. पण बाँब फुटला तर. अजून कुणी फोडलाय इकडे?" एवढ्यानं आईचं समाधान होत नाही.

पण मी घरात बसून घाबरत होते. मोहनराव घाबरत होते एस. टी. थांब्यावर. मोहनरावांचं तिथे किराणा मालाचं दुकान. बारामतीहून सकाळच्या गाडीनं येणारा पेपर आधी त्यांच्या हातात पडतो, आणि ते तो मोठ्यानं वाचतात. वाचतात म्हणजे थोडा वाचतात आणि बाकीचा सांगतात. त्या दिवसांत दुकानापुढे माणूस हटत नसे.

"कराची कशावर हाय?" मोहनराव विचारत.

"समुद्रावर."

"आन् कोकण?"

"त्येबी समुद्रावरच."

"समुद्र किती?"

"एकच की!"

"मग झालं तर," म्हणून मोहनराव पेपराची घडी घालत.

चार वर्षांपूर्वी अमेरिकेनं दूर समुद्रात बाँब फोडून पाहिला, तेव्हा जपानी कोळ्यांच्या होडीवर पांढरी राख पडली होती. त्यांची कातडी भाजली, केस गळाले, एक जण मेला. ही गोष्ट खरी होती. मोहनरावांनी ती इतक्या वेळा सांगितली, की गावातल्या लहान पोरालाही पाठ झाली. पांढरी राख पडते आणि केस गळतात.

आणि ज्येष्ठ लागता लागता ठमाबाईचा कळप कोकणातून परत आला. निम्म्या मेंढरांची लोकर जागोजागी गळलेली, मधली कातडी लालसर, आणि सगळ्यांच्या अंगावर पांढरी राख.

त्या दिवशी रतनला गोवर आल्यासारखं वाटत होतं म्हणून मी तिला घेऊन दवाखान्याकडे निघाले होते. वाट आबाजीच्या रानाला लागूनच जाते. आबाजी बांधावर उभा होता, हातात नारळ नव्हता. मागे दहा-वीस माणसं.

"ठमाबाई, तिथंच थांब. बांधाच्या आत येऊ नगंस."

"का वं आबा? घरात सुतकबितक हाय का?"

"मेंढरांना काय झालंय?"

"खरूज. औंदा दमट लई हुतं तिकडं. करंजाचं त्याल लावलंय गंधक घालून. वर राख टाकलीया, माशी बसू नये म्हनून."

"कसली राख?"

"कसली म्हंजी? चुलीतली!"

"चुलीतली का वरनं पडली?"

"वरनं?" ठमाबाई हसली. "वरनं राख पडाया सरगात चूल पेटलीया व्हय?"

कुणी हसलं नाही. तेव्हा मोहनराव पुढे झाले. त्यांनी ठमाबाईला काही विचारलं नाही, सिद्धूला विचारलं. सिद्धू चांगला पंचविशीचा गडी, बायको पाठीमागं उभी, पण विचारलं की सरळ उत्तर देणारा.

"सिद्धू, तिकडं समुद्राच्या अंगाला कधी उजेड दिसला का? मोठा, एकदम?"

"दिसला की. एक डाव लई मोठा. समदं आभाळ पांढरं झालं. मेंढरं बुजली, निम्मी रात गोळा करन्यात गेली."

"आन् आवाज?"

"आवाज तर असा, की आमची म्हातारी—"

"आरं, वळीव हुता त्यो!" ठमाबाई ओरडली. "ईज हुती मुडद्या, ईज म्हन की!"

"व्हय, ईजच की. मी कुठं दुसरं काय म्हनलो?"

पण तोपर्यंत माणसं चार पावलं मागे सरली होती. एका बाईनं पदर नाकाला लावला. मीही रतनला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, कळपाच्या पलीकडच्या बाजूला.

ठमाबाईनं मेंढरं गावाबाहेरच्या खडकाळ माळावर नेली. तिथे गवताची काडी नव्हती. हे दुसऱ्याच दिवशी गेले, मेंढरं पाहिली, कातडी खरवडून काचेवर घेतली. साधी खरूज. यांनी ठमाबाईला सांगितलं, औषध ठीक आहे, आठ-पंधरा दिवस तेल अंगावर राहू द्या. मग मोहनरावांच्या दुकानापुढे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की ही खरूज आहे, माणसाला, रानाला, पिकाला कसलाही धोका नाही.

"डॉक्टरसाहेब," मोहनराव अगदी अदबीनं म्हणाले, "तुम्ही बाँबची राख पाहिलीये?"

"नाही."

"मग ही ती नव्हे, असं कशावरून म्हणता?"

"खरजेचा किडा दिसला ना मला!"

"किडा असंल. किडा असला म्हंजी राख नसती, असं कुठं हाय?" मागून कुणी तरी म्हणालं. आणि दुसरा: "सरकारी मानूस घाबरू नका म्हनायला लागला, की आपन समजावं."

हे घरी येऊन जेवले नाहीत. संध्याकाळी आबाजी एकटाच आला, पायरीवर बसला. तसा तो वाईट माणूस नाही. हेच तर मला अजून सोसत नाही, की यात कुणीच वाईट नव्हतं.

"डॉक्टर, मला तुमचं पटतंय वो," तो म्हणाला. "पन पुन्याच्या व्यापाऱ्याला कोन पटवनार? बाँबची मेंढरं बसली त्या रानाचं पान, असं एकानं म्हनलं, की माझ्या पानाला कुत्रं हुंगनार न्हाय. एकट्या माझ्या न्हाय, समद्या गावच्या."

"मग तिनं कुठे जायचं?" मी विचारलं.

"जाईल की दुसऱ्या गावाला. धनगराला काय, पायाला चाकं असत्यात."

दुसऱ्या गावांना बातमी तिच्या आधी पोचली होती. सिद्धू सांगवीपर्यंत जाऊन आला. तिथे त्याला शिवेवरच अडवलं. एका म्हाताऱ्यानं तर लांबूनच भाकरी फेकली, कुत्र्याला फेकावी तशी. माळावर कोकरांना दूध पुरेना, कारण मेंढ्यांच्याच पोटात काही नव्हतं. ठमाबाईनं आमच्याकडे दूध आणायचं बंद केलं. चौथ्या दिवशी मीच निरोप धाडला, तेव्हा आली. रिकामीच.

"दूध न्हाय आनलं. तुमाला द्यावं का नको, कळंना."

"आणलं असतं तर घेतलं असतं," मी म्हणाले. हे खरं आहे. उकळून उकळून घेतलं असतं, पण घेतलं असतं.

ती दारातच बसली. मग म्हणाली, "ह्यास्नी राखंचं भ्या हाय न्हवं? मग राखच काढते की. धुऊनच दावते. खाली कातडी हाय, दुसरं काय हाय?"

"पण तेल अंगावर राहू द्यायला सांगितलंय ना?"

"त्याल पुन्हा लावता येतंय. रान न्हाय मिळालं तर लावू कुनाला?"

ती कुठे धुणार, हे मी विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं त्यात काही वाटलंही नाही. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायची असतात. धनगर ती वाहत्या पाण्यात धुतात आणि आमच्याकडे वाहतं पाणी एकच, कालव्याची चारी. दरवर्षी त्याच चारीत, पुलाजवळ, ठमाबाई मेंढरं धुवायची. गावातली पोरं काठावर बसून गंमत बघायची. या वर्षी तिनं मुद्दाम बाजाराचा दिवस धरला, म्हणजे चार गावच्या लोकांनी बघावं.

बघितलं. सिद्धू आणि त्याची बायको कमरेएवढ्या पाण्यात उभी, ठमाबाई काठावरून एकेक मेंढरू खाली देते आहे, अंगावरची राख सुटते आहे आणि पाणी पांढुरकं होऊन खाली वाहतं आहे. आणि वर ठमाबाई बाजाराला जाणाऱ्यांना ओरडून सांगते आहे, "बघा, या, हात लावून बघा! हाय का काय? हाय का बाँब?"

चारी खाली सगळ्या गावाच्या बागाईतात जाते. गावाची पाण्याची पाळी त्याच दिवशी होती, आबाजीच्या पानमळ्याचीही.

आधी कुणी तरी किंकाळी फोडल्यासारखं ओरडलं. मग माणसं पळत सुटली. बाजार मोडला. ज्याच्या त्याच्या रानात पाटाला दारं धरलेली, पाणी आत घेतलेलं. माती लोटून, चिंध्या कोंबून त्यांनी दारं बंद केली. पाणी कुणीच घेईना. ते आपलं पुढे वाहत गेलं आणि ओढ्याला मिळालं. बायकांनी घरातले हंडे रस्त्यावर पालथे केले. एका बाईनं पोराच्या घशात बोटं घालून त्याला ओकायला लावलं. तो फक्त गुळाची जिलबी ओकला. हे एका गोठ्यात अडलेली गाय सोडवायला गेले होते. ते येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

पुढली पाळी येईपर्यंत उन्हानं मळे करपले. पानमळा नाजूक असतो, ऐन ज्येष्ठात एक पाळी चुकली की वेल मान टाकतो. आबाजीनं मान टाकलेला एक वेल उपटून देवळापुढे आणला आणि सगळ्यांना दाखवला. पान पिवळं पडलेलं, कडा जळलेल्या.

"पानी न्हाय मिळालं म्हनून जळलं," ठमाबाई म्हणाली.

"पानी का न्हाय घेतलं आमी? कुनामुळं?"

ठमाबाईनं वेलाच्या मुळाला चिकटलेली कोरडी माती बोटांनी चुरून पाहिली.

गावानं मेंढरं कोंडवाड्यात घातली. चारी खराब केली, पिकाचं नुकसान केलं, दंड भरेपर्यंत सुटणार नाहीत. कोंडवाडा म्हणजे चार भिंती, वर छप्पर नाही, मोकाट गुरांसाठी बांधलेला. त्यात सगळा कळप उभाच्या उभा. बसायलाही जागा नव्हती. तेल धुऊन गेलेलं, त्यामुळे खरूज पुन्हा उसळली. मेंढरं भिंतीला अंग घासत आणि भिंतीला रक्ताचे पट्टे उमटत. ठमाबाई दाराशी बसून असायची. विहिरीवर तिला पाणी भरू देत नव्हते. आमच्या घरून सिद्धू हंडे नेई, पण एवढ्या जिवांना ते काय पुरणार? हे तालुक्याला दोनदा जाऊन आले. वरच्या साहेबांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, लोकभावनेचा प्रश्न आहे, जरा सबुरीनं घ्या.

कोकरं आधी गेली. मग दंड भरायला तिनं कळप विकायचा ठरवला.

बारामतीच्या बाजारातला मेंढरांचा व्यापारी आला. त्यानं भिंतीवरून डोकावून बघितलं, नाक मुरडलं आणि निम्म्याहून कमी भाव सांगितला. ठमाबाईनं एकदाच विचारलं, "पाळायला का कापायला?" तो नुसता हसला. मोहनराव तिथे होते. त्यांनी व्यापाऱ्याला बजावलं, "गावातनं नेऊ नका हं, माळावरनं न्या."

"नेतो की माळावरनं. मला काय, परवा पुण्यात जातील."

पुण्यात कोण खाणार, हे कुणीही विचारलं नाही. मोहनरावांची थोरली मुलगी पुण्यात दिलेली आहे.

कळप निघाला तेव्हा सिद्धू बघायला थांबला नाही. ठमाबाई थांबली. मेंढरं व्यापाऱ्याच्या माणसांच्या मागे जाईनात. तिच्याकडेच तोंडं फिरवत होती. शेवटी व्यापारी म्हणाला, "म्हातारे, तू पुढं हो, त्याबिगर ही चालायची न्हाईत." म्हणून ती पुढे झाली आणि नेहमीसारखी हाळी देत त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत स्वतः पोचवून आली.

सिद्धू आणि त्याची बायको वालचंदनगरला गेली, उसाच्या कामावर. ठमाबाईला त्यांनी चल म्हटलं, ती गेली नाही. आबाजीनं तिला खुरपायला ठेवून घेतलं. गावात याचं कौतुक झालं. नुकसान झालेलं असूनही बघा, केवढं मन. पहिले काही दिवस रानातल्या बायका तिला आपल्या कळशीतलं पाणी घेऊ देत नव्हत्या. लांबून ओंजळीत ओतायच्या. पुढे त्याही विसरल्या आणि ती त्यांच्यात बसून जेवू लागली. रान मात्र हलकं पडलं आहे, सरकारी खताच्या गोणी आणून टाकल्या तरी पिकाला पूर्वीचा रंग नाही, असं आबाजी मलाच सांगत होता. मी ऐकून घेतलं.

माझी काळजी संपलेली नाही. रतन झोपली की मी अजून पेपर पुढे ओढते आणि त्या बातम्या शोधते. कुठल्या देशानं काय केलं, कुणाची भट्टी कुठवर आली. ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. बाँब ज्यांना हवा आहे ते तो मिळवतील, आणि त्या दिवशी आमच्या या फाट्यावरच्या गावाला कुणी विचारणार नाही. पण अजून तो इकडे कुणी टाकलेला नाही, आणि एक कळप गेला.

भाद्रपदात एका दुपारी ठमाबाई खुरपं घेऊन दारात आली. दूध आणायची तेव्हा बसायची, तशीच बसली. रतनच्या पोटाला हात लावला नाही.

"बाई, आज पेपर आला का?"

"आलाय."

"बघा की, त्या बाँबचं काय लिवलंय."

मी पहिलं पान पाहिलं, मग आतली पानं. एका पुलाचं उद्घाटन होतं. कांद्याचे भाव होते. सिनेमाच्या जाहिराती, आणि कुठे तरी पूर आलेला.

"आज काही नाही."

"काल?"

"कालही नव्हतं."

"मग मोहनराव काय वाचतो दुकानात?"

"कांद्याचे भाव वाचत असतील."

तिनं पेपर माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. तिला वाचता येत नाही. मग नीट घडी घालून परत दिला.

"एवढ्यात संपलं व्हय?" म्हणाली, आणि खुरपं उचलून आबाजीच्या रानाकडे गेली.